मूळ फाईल जशीच्या तशी: छायाचित्र स्पर्धेतील पडताळणीची पूर्वतयारी

अंतिम फेरीसाठी निवड झाल्याचे पत्र येते, तेव्हा अभिनंदनाच्या दोन ओळींखाली एक अट असते: कॅमेऱ्याने नोंदवलेली मूळ फाईल, कोणताही बदल न करता, ठरलेल्या मुदतीत पाठवावी. ही मुदत बहुधा थोड्या दिवसांचीच असते. छायाचित्र मात्र वर्ष-दोन वर्षांपूर्वी टिपलेले असते, मधल्या काळात संगणक बदललेला असतो, मेमरी कार्ड कितीतरी वेळा फॉरमॅट झालेले असते, आणि मग जुन्या हार्ड डिस्क उपसायला सुरुवात होते. माझ्या पाहण्यात पडताळणीत अडकलेल्यांपैकी लबाडी करणारे थोडेच होते. आवराआवरीच्या हौसेपायी मूळ फाईल स्वतःच्याच हाताने बदलून किंवा उडवून बसलेले मात्र पुष्कळ. आडवे दिसणारे छायाचित्र फिरवून सरळ करणे, जागा वाचावी म्हणून फाईलचे रूपांतर करणे, फसलेल्या फ्रेम काढून टाकणे ही सगळी कामे निरुपद्रवी वाटतात, आणि पडताळणीच्या वेळी तीच नडतात. म्हणूनच पुढे दिलेला क्रम छायाचित्र टिपण्याच्या आधीपासून सुरू होतो; पत्र हातात पडल्यावर करण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

पडताळणीत काय पाहतात

स्पर्धेला पाठवलेले छायाचित्र आणि मूळ फाईल शेजारी शेजारी ठेवून चौकटीतून काही काढले आहे का, चौकटीत काही घातले आहे का, हे पाहणे ही पहिली पायरी असते. २०१० मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेने एका विजेत्या मालिकेच्या रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फाईल, मागवल्या, तेव्हा एका छायाचित्रातून मागच्या व्यक्तीच्या पावलाचा छोटासा भाग पुसलेला आढळला आणि बक्षीस रद्द झाले. २०१२ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकच्या स्पर्धेतील एक विजेते छायाचित्र कडेला दिसणारी पिशवी पुसल्यामुळे बाद झाले. तेवढी कड क्रॉप केली, म्हणजे कापून टाकली असती तर ते नियमांत बसले असते. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलेल्या छायाचित्रांपैकी सुमारे २० टक्के याच तपासणीत बाद ठरली. उलट २०१३ मध्ये त्याच स्पर्धेच्या सर्वोच्च पुरस्कारावर जोडकामाचा आरोप झाला, तेव्हा स्वतंत्र तज्ज्ञांनी रॉ फाईलशी ताडून पाहिल्यावर तो आरोप टिकला नाही. मूळ फाईल आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असते, तशीच ती बचावाची साक्षीदारही असते.

दुसरी पायरी फाईलच्या आतली. १९९५ पासून प्रचलित असलेल्या एक्झिफ या मानकानुसार कॅमेरा प्रत्येक फाईलमध्ये तारीख, वेळ, शटरचा वेग, भिंगाचे छिद्रमान, आयएसओ अशी माहिती लिहितो. शिवाय प्रत्येक उत्पादक स्वतःच्या पद्धतीने काही जास्तीच्या नोंदी ठेवतो, ज्यांत कॅमेऱ्याचा अनुक्रमांक आणि कित्येकदा शटर किती वेळा उघडले त्याचा आकडाही असतो. रॉ फाईलमध्ये एक छोटे जेपेग पूर्वदृश्य दडलेले असते. जेपेग फाईल कोणत्या तक्त्यांनुसार संकुचित केली आहे यावरून ती थेट कॅमेऱ्यातून आली की मध्येच कुठे पुन्हा सेव्ह झाली, याचा अंदाज बांधता येतो. कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचीही स्वतःची एक सूक्ष्म खरखर (नॉइज, म्हणजे चित्रातील बारीक ठिपके) असते आणि त्याच कॅमेऱ्याच्या इतर छायाचित्रांशी ती जुळवून पाहता येते. मूळ फाईल पुन्हा सेव्ह केली की यातील काही ना काही पुसले जाते किंवा बदलते.

तिसरी पायरी बहुतेकांच्या ध्यानात नसते, ती म्हणजे शेजारच्या फ्रेम. २०१७ च्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत ब्राझीलमधील एका मुंगीखाऊच्या छायाचित्राला गटातील पुरस्कार मिळाला होता. तो प्राणी पेंढा भरलेला असावा अशी शंका आली, तेव्हा छायाचित्रकाराने त्या फ्रेमच्या आधीच्या आणि नंतरच्या रॉ फाईल सादर केल्या. मात्र त्यांपैकी एकीतही मुंगीखाऊ नव्हता. पाच तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे पाहणी करून तो तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वाराजवळील पेंढा भरलेल्या नमुन्याशी जुळत असल्याचे मत दिले, आणि एप्रिल २०१८ मध्ये पुरस्कार काढून घेण्यात आला. या प्रकरणातून मला मुख्यतः एकच गोष्ट घ्यावीशी वाटते: एकटी फाईल फार थोडे सांगते, तिच्या मागच्या-पुढच्या फाईल बरेच सांगतात. खऱ्या प्रसंगाच्या दहा-वीस फ्रेम असतात. त्यांतल्या बऱ्याच डळमळीत, अर्धवट चौकटीच्या, डोळे मिटलेल्या असतात, आणि नेमक्या त्याच सर्वांत विश्वासार्ह असतात.

मूळ फाईल कशाला म्हणायचे

कॅमेऱ्याने कार्डावर लिहिली ती फाईल म्हणजे मूळ फाईल. कॅमेरा रॉ स्वरूपात नोंद करत असेल तर कॅननची सीआर२ किंवा सीआर३, नायकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, फुजीफिल्मची आरएएफ ही मूळ फाईल होय. कॅमेरा केवळ जेपेग नोंदवत असेल, तर कार्डावरून उतरवलेली आणि कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा सेव्ह न केलेली जेपेग ही मूळ फाईल. रॉ फाईलपासून आपण संगणकावर बनवलेली जेपेग कितीही साधी असली, तिच्यात एकही बदल केलेला नसला, तरी ती मूळ फाईल ठरत नाही.

खरा गोंधळ डीएनजीच्या बाबतीत होतो. अडोबीने २००४ मध्ये आणलेले हे स्वरूप काही कॅमेरे आणि अनेक फोन थेट वापरतात. तिथे डीएनजी हीच मूळ फाईल असते. परंतु कॅमेऱ्याने एनईएफ लिहिली आणि संगणकावर घेताना आपण तिची डीएनजी केली, तर ती रूपांतरित प्रत झाली. डीएनजी केवळ कॅमेऱ्याचे स्वतःचे स्वरूप असेल तरच ग्राह्य धरली जाईल, असे काही स्पर्धांच्या नियमांत स्पष्ट लिहिलेले असते. जागा वाचते या मोहाने अनेकांनी वर्षानुवर्षांचा संग्रह डीएनजीत बदलून मूळ फाईल उडवल्या आहेत. स्पर्धेत उतरण्याचा विचार असेल त्याने हा मार्ग सोडलेलाच बरा. खरखर कमी करणारी काही सॉफ्टवेअरही रॉ फाईलवर प्रक्रिया करून नवी डीएनजी बनवतात. तिचे नाव मूळ फाईलसारखेच दिसते, त्यामुळे घाईत तीच पाठवली जाण्याचा धोका असतो.

फिल्मवर काम करणाऱ्यांसाठी मूळ म्हणजे निगेटिव्ह किंवा स्लाइड. स्कॅन ही तिची प्रत आहे, म्हणून फिल्मची पट्टी न कापता, शेजारच्या फ्रेमसह ठेवावी.

कॅमेऱ्यातील तयारी

सर्वप्रथम घड्याळ लावावे. घड्याळ चुकलेले असेल तर एक्झिफमधील वेळ आणि छायाचित्रातील सावल्यांची दिशा जुळत नाही, आणि विनाकारण स्पष्टीकरण देत बसावे लागते. एक्झिफ मानकात वेळेच्या पट्ट्याची नोंद करण्याची सोय २०१६ मध्ये आली, त्यामुळे जुने कॅमेरे केवळ स्थानिक वेळ लिहितात आणि ती कुठली स्थानिक वेळ ते सांगत नाहीत. प्रवासात घड्याळ बदलले असेल किंवा बदलायचे राहून गेले असेल, तर त्याची नोंद त्याच दिवशी वहीत करावी. नंतर सॉफ्टवेअरमधून वेळ दुरुस्त करण्याचा मोह मात्र टाळावा: चुकीची पण अस्पर्श वेळ समजावून सांगता येते, बरोबर पण बदललेली वेळ समजावणे अवघड जाते.

फाईलच्या क्रमांकांसाठी सलग मोजणीचा पर्याय निवडावा. मोजणी दर कार्डागणिक नव्याने सुरू होत असेल तर एकाच क्रमांकाच्या अनेक फाईल तयार होतात आणि एक दिवस एक फाईल दुसरीवर जाऊन बसते. सलग मोजणीतही ९९९९ नंतर कॅमेरा पुन्हा ०००१ पासून सुरू करतो, हे लक्षात ठेवून प्रत्येक दिवसाचा फोल्डर वेगळा ठेवावा.

शक्य असेल तर रॉ आणि जेपेग एकत्र नोंदवावे. कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय असेल तर दोन्हींवर रॉ लिहिण्याचा पर्याय घ्यावा. दुसऱ्या कार्डावर केवळ जेपेग लिहिणे स्वस्त पडते, पण रॉ मागितल्यावर त्याचा निम्माच उपयोग होतो. छायाचित्रकाराचे नाव कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये भरून ठेवावे, म्हणजे प्रत्येक फाईल जन्मतःच ते घेऊन येते आणि नंतर संगणकावरून लिहावे लागत नाही.

बाहेर छायाचित्रे टिपत असताना कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहून फ्रेम उडवू नयेत. जागा कमी पडते म्हणून उडवणे समजू शकते, परंतु कार्ड आता परवडणारी झाली आहेत आणि क्रमांकांच्या ओळीतील खिंडारे नंतर भरता येत नाहीत. कॅमेऱ्यातच क्रॉप करणे, रंग बदलणे, तारांकन देणे या सोयीही शक्यतो वापरू नयेत. तारांकनाची नोंद काही कॅमेरे थेट फाईलमध्येच करतात.

कार्डावरून संगणकावर

या टप्प्याला सर्वाधिक काळजी लागते, कारण सर्वाधिक नुकसान इथेच होते. एसडी कार्डाच्या कडेला असलेली छोटी सरकपट्टी कुलूपबंद स्थितीत करून मगच ते कार्ड रीडरमध्ये घालावे. कार्डावरील छायाचित्रे थेट कार्डावरूनच उघडून पाहू नयेत. काही सॉफ्टवेअर छायाचित्र दाखवताना ते सरळ करण्याच्या नावाखाली जेपेग नव्याने लिहितात. कॅमेरा ज्यात छायाचित्रे साठवतो तो डीसीआयएम हा अख्खा फोल्डर, त्यातील उपफोल्डरसह, साध्या कॉपीने हार्ड डिस्कवर घ्यावा. कॉपीऐवजी कट करून पेस्ट करू नये: मध्येच केबल निघाली किंवा वीज गेली, तर काही फाईल ना इथे ना तिथे अशा अवस्थेत राहतात.

लाइटरूमसारख्या छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधून छायाचित्रे घ्यायची असतील, तर इम्पोर्टच्या खिडकीत वर असलेल्या पर्यायांकडे नीट पाहावे. तिथे डीएनजी बनवून कॉपी करणे, साधी कॉपी, हलवणे आणि आहे तिथेच ठेवून जोडणे असे चार पर्याय असतात, आणि मागच्या वेळी निवडलेला पर्याय तसाच राहतो. माझी स्वतःची पद्धत अशी की आधी हाताने कॉपी करायची, तिची पडताळणी करायची, आणि त्यानंतरच लाइटरूमला कामाच्या प्रतीचा फोल्डर दाखवायचा. यात दहा मिनिटे जास्त जातात, पण एकदा घाईत चुकीच्या पर्यायाने आठवड्याभराचे काम डीएनजी करून बसल्यावर ती दहा मिनिटे मला कधीच जड वाटली नाहीत.

फोल्डरला तारीख आणि विषय असे नाव द्यावे. फाईलचे नाव मात्र कॅमेऱ्याने दिले तेच राहू द्यावे. नाव बदलल्याने फाईलच्या आतील मजकूर बदलत नाही हे खरे आहे, परंतु क्रमांकांची सलगता नावातच दिसते, आणि ती एका दृष्टिक्षेपात दिसणे परीक्षकांच्याही सोयीचे असते. एक छोटी बाब इथेच सांगतो. विंडोजमध्ये कॉपी केल्यावर फाईल तयार झाल्याची तारीख म्हणून कॉपीची वेळ दिसते आणि बदल केल्याची तारीख त्याआधीची दिसते. हे उलटे वाटले तरी त्यात काही बिघडलेले नसते. पडताळणीत खरी वेळ एक्झिफमधून वाचली जाते.

हॅश काढणे

हॅश म्हणजे फाईलच्या प्रत्येक बाइटवरून गणिताने काढलेला ठसा. एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेला ठसा ६४ अक्षरांचा असतो, आणि फाईलमधील एक बिट जरी बदलला तरी तो ओळखू न येण्याइतका बदलतो. कार्डावरील फाईलचा ठसा आणि डिस्कवरील प्रतीचा ठसा तंतोतंत सारखा आला, तर कॉपी निर्दोष झाली असे खात्रीने म्हणता येते. विंडोजमध्ये सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर बसवले की फाईलवर उजवी क्लिक करून हा ठसा मिळतो. विंडोजच्या स्वतःच्या सर्टयुटिल या आदेशानेही तो काढता येतो. मॅकवर टर्मिनलमधील शासम हा आदेश तेच काम करतो. अख्ख्या फोल्डरचे ठसे एका मजकूर फाईलमध्ये साठवून ती फाईल छायाचित्रांच्या शेजारीच ठेवावी.

याचा आणखी एक उपयोग आहे. ती मजकूर फाईल त्याच दिवशी स्वतःलाच ई-मेलने पाठवावी. छायाचित्र कुणालाही न दाखवता, अमुक तारखेला या फाईल याच स्वरूपात अस्तित्वात होत्या, याची तारीखवार नोंद ई-मेलच्या सर्व्हरवर राहते. तरीही हॅशकडून नको त्या अपेक्षा ठेवू नयेत. ठसा काढल्यापासून फाईल बदललेली नाही इतकेच तो सांगतो. ठसा काढण्याआधी काय झाले, किंवा कॅमेऱ्यासमोर जे होते ते खरे होते का, याबद्दल तो मुका असतो.

मूळ संग्रह आणि कामाची प्रत

ठसे जुळल्यावर मूळ फोल्डरला रीड-ओन्ली करावे, म्हणजे चुकूनही त्यावर काही लिहिले जात नाही, आणि संपादनासाठी दुसरी प्रत वापरावी. रॉ फाईलवर काम करताना मूळ फाईल बदलतच नाही, मग दोन प्रती कशाला, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. लाइटरूम कॅननच्या किंवा नायकॉनच्या रॉ फाईलमध्ये सहसा हात घालत नाही, बदलांची नोंद स्वतःच्या कॅटलॉगमध्ये किंवा एक्सएमपी नावाच्या जोडफाईलमध्ये ठेवते, हे बरोबर आहे. परंतु जेपेग आणि डीएनजीच्या बाबतीत तीच नोंद फाईलच्या आत लिहिली जाऊ शकते, आणि तारीख-वेळेतील दुरुस्ती थेट रॉ फाईलमध्ये लिहिण्याचा पर्यायही कॅटलॉगच्या सेटिंगमध्ये असतो; तो बंद आहे याची एकदा खात्री करून घ्यावी. कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल तर सेव्ह केल्यावर संपादनाची कृती त्या रॉ फाईलमध्येच साठवते. सेन्सरने टिपलेली माहिती तशीच राहते, पण ठसा बदलतो आणि फाईलमध्ये सॉफ्टवेअरची खूण उमटते. विंडोजच्या गुणधर्मांच्या खिडकीतून जेपेगला तारे किंवा टॅग देणेही फाईलच्या आतच लिहिले जाते.

एक्झिफ वाचण्यासाठी एक्झिफटूल हे मोफत साधन उत्तम आहे, पण ते कामाच्या प्रतीवरच वापरावे. त्यातून काही लिहिले गेले तर ते आधीची फाईल नावापुढे ‘ओरिजिनल’ जोडून बाजूला ठेवते. ही सोय चांगली आहे. तथापि तिच्यावर विसंबून मूळ संग्रहात हात घालू नये.

अनेक फ्रेम जोडून केलेल्या छायाचित्रांसाठी वेगळा विचार करावा लागतो. फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेल्या फ्रेम एकत्र करणे), एचडीआर (कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम एकत्र करणे), पॅनोरमा किंवा दुहेरी एक्सपोजर यांपैकी काहीही असेल, तर अंतिम चित्रात वापरलेली प्रत्येक फ्रेम ही मूळ फाईल आहे. स्पर्धेच्या नियमांत यांतील काय चालते आणि काय चालत नाही हे आधी वाचावे, कारण निसर्ग छायाचित्रणाच्या अनेक स्पर्धांत फोकस स्टॅकिंग चालते पण फ्रेम शेजारी शेजारी जोडणे चालत नाही. वापरलेल्या फ्रेमचे क्रमांक कागदावर किंवा मजकूर फाईलमध्ये त्याच दिवशी लिहून ठेवावेत. सहा महिन्यांनी चाळीस सारख्या फ्रेममधून नेमक्या अठरा ओळखणे जवळजवळ अशक्य होते. संपादनाचे थर (लेयर) असलेली फाईलही ठेवावी, म्हणजे कोणत्या पायरीवर काय केले ते दाखवता येते.

फोनवर टिपलेली छायाचित्रे

फोनमध्ये मूळ आणि बदललेली प्रत यांतील सीमारेषा पुसट असते. आयफोनवर संपादन केल्यावर संगणकावर उतरवताना कधी कधी दोन फाईल दिसतात: आयएमजी आणि क्रमांक ही मूळ, तर आयएमजी_ई आणि क्रमांक ही संपादित. त्यांच्याबरोबर येणाऱ्या एएई फाईलमध्ये संपादनाच्या सूचना असतात. २०१७ पासून आयफोन एचईआयसी स्वरूपात छायाचित्रे साठवू शकतात. केबलने संगणकावर घेताना फोनची सेटिंग स्वयंचलित असेल तर त्यांची जेपेग होऊन येऊ शकते, म्हणून मूळ ठेवण्याचा पर्याय निवडावा. मॅकच्या फोटोज ॲपमधून बाहेर काढताना साध्या एक्स्पोर्टऐवजी ‘बदल न केलेली मूळ फाईल’ हा पर्याय वापरावा. एअरड्रॉपने पाठवताना वरच्या पर्यायांत सर्व माहिती पाठवण्याची खूण करावी लागते. अँड्रॉइड फोनवर संपादन करताना मूळ फाईलवर सेव्ह न करता नवी प्रत बनवण्याची सवय लावून घ्यावी.

गुगल फोटोजमध्ये ‘स्टोरेज सेव्हर’ हा दर्जा निवडलेला असेल तर छायाचित्रे संकुचित होतात आणि १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठी छायाचित्रे लहान केली जातात. त्यानंतर फोनमधील जागा मोकळी केली, तर मूळ फाईल कायमची जाते. फोनवर गांभीर्याने काम करणाऱ्याने ‘मूळ दर्जा’ ठेवावा आणि दर महिन्याला केबलने संगणकावर उतरवण्याचा शिरस्ता पाळावा.

किती प्रती, किती काळ

छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम इथे पुरेसा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. आपोआप जुळवून घेणाऱ्या क्लाउड फोल्डरला मात्र मी बॅकअप मानत नाही, कारण संगणकावर चुकून उडवलेली किंवा बदललेली फाईल तिथेही तशीच उडते किंवा बदलते. निदान एक प्रत जोडणी काढून कपाटात ठेवलेल्या डिस्कवर असावी. वर्षातून एकदा ठसे पुन्हा काढून जुन्या यादीशी ताडून पाहावेत. डिस्कवरील फाईल आवाज न करता खराब होतात आणि उघडून पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

प्रत्येक छायाचित्र जन्मभर जपा असा माझा आग्रह नाही. मात्र स्पर्धेला पाठवलेल्या किंवा पाठवण्याजोग्या छायाचित्राच्या त्या प्रसंगातील सगळ्या फ्रेम, फसलेल्यासुद्धा, ठेवाव्यात. निवड करताना नकोशा फ्रेम कामाच्या प्रतीतून खुशाल उडवाव्यात. मूळ संग्रहाला हात लावू नये.

फाईल पाठवताना

पत्र आल्यावर सर्वप्रथम नियम पुन्हा वाचावेत, कारण प्रत्येक स्पर्धेची मागणी वेगळी असते: कुणाला केवळ रॉ हवी असते, कुणाला आधीच्या आणि नंतरच्या काही फ्रेमसुद्धा. मूळ फाईल उघडून, तपासून, मग पाठवू म्हणून ती सॉफ्टवेअरमध्ये घेऊ नये. संग्रहातून कॉपी काढावी, तिचा ठसा यादीशी जुळवावा आणि तीच पाठवावी.

व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठवलेली फाईल संकुचित होते, तिची एक्झिफ माहिती जाते आणि नावही बदलते. तीच फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोहोचते. तरीही अशा कामासाठी संयोजकांनी दिलेली अपलोडची जागा किंवा क्लाउडवरील दुवाच योग्य. काही ई-मेल सॉफ्टवेअर चित्राचा आकार लहान करून पाठवतात, म्हणून फाईल झिपमध्ये बंद करून पाठवणे सुरक्षित असते. दुवा दिल्यावर तो दुसऱ्या संगणकावर उघडून फाईल उतरवून घ्यावी आणि तिचा ठसा मूळ ठशाशी जुळतो का ते पाहावे.

सोबत छोटे निवेदन जोडावे. त्यात छायाचित्र कुठे, केव्हा, कोणत्या कॅमेऱ्याने टिपले, अंतिम चित्रात काय काय केले, किती क्रॉप केले आणि घड्याळाची काही अडचण होती का, एवढेच असावे. बचावाचा सूर नको. जे केले ते क्रमाने लिहावे.

मूळ फाईल सापडतच नसेल, तर आधी जुने कार्ड शोधावे आणि सापडल्यास त्यावर एकही नवे छायाचित्र टिपू नये. फॉरमॅट केलेल्या कार्डावरूनही, वर नवे काही लिहिले गेले नसेल तर, फोटोरेकसारख्या मोफत साधनाने बऱ्याच फाईल परत मिळतात. मात्र त्यांची कॅमेऱ्याने दिलेली नावे बहुधा परत येत नाहीत, तेव्हा ही गोष्ट निवेदनात नमूद करावी. तरीही काही हाती लागले नाही तर तसे स्पष्ट कळवून माघार घ्यावी. जेपेगपासून रॉसारखी दिसणारी फाईल बनवून देण्याचे उद्योग ओळखू येतात, आणि ते ओळखल्यावर प्रश्न एका छायाचित्रापुरता राहत नाही.

कॅमेऱ्यानेच फाईलवर अंकीय सही करावी, म्हणजे हे सगळे टळेल, असा प्रयत्न जुना आहे. कॅनन आणि नायकॉनच्या अशा पहिल्या व्यवस्था अनुक्रमे २०१० आणि २०११ मध्ये एका सुरक्षा कंपनीने फोडून दाखवल्या. छायाचित्राचा उगम नोंदवण्याचे मानक ठरवण्यासाठी २०२१ मध्ये स्थापन झालेल्या सीटूपीए या गटाच्या मानकानुसार सही करणारा पहिला कॅमेरा, लायका एम११-पी, ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. नायकॉनला मात्र २०२५ मध्ये आपल्या एका कॅमेऱ्यातील त्रुटीमुळे दिलेली प्रमाणपत्रे रद्द करावी लागली. आपल्या कॅमेऱ्यात ही सोय असेल तर जरूर चालू ठेवावी, पण तिच्या भरवशावर शेजारच्या फ्रेम उडवू नयेत.

निकाल लागला म्हणून संग्रह लगेच आवरायला घेऊ नये. मुंगीखाऊचे प्रकरण बक्षीस दिल्यानंतर सुमारे सहा महिन्यांनी मिटले. त्याच स्पर्धेच्या २००९ च्या विजेत्या लांडग्याच्या छायाचित्राचा पुरस्कार जानेवारी २०१० मध्ये, तो लांडगा बहुधा पाळीव होता असे ठरल्यावर, काढून घेण्यात आला. म्हणून पाठवलेली झिप फाईल, निवेदन, ठशांची यादी आणि संयोजकांशी झालेला पत्रव्यवहार एकाच फोल्डरमध्ये ठेवून त्या फोल्डरच्याही तीन प्रती कराव्यात.